पाण्याची वेळ

आमच्याकडे पाणी चार वीसला येतं
आणि साडेपाचला जातं.
कन्नमवार नगरात हे लहान पोरालाही पाठ असतं.
मी तर जागाच असायचो.
नळ आधी खाकरायचा, मी ऐकायचो.
उठायचं, चार पावलं जायचं, तोटी फिरवायची.
चार पावलं.
छताकडे बघत मी ती मोजायचो
आणि मोजता मोजता साडेपाच व्हायचे.

दुःख असतं तर सांगितलं असतं.
दुःखाला नाव असतं, तारीख असते,
कुणाचं तरी तेरावं असतं.
माझं कुणी गेलं नव्हतं. पगार होत होता.
नवरात्राच्या आसपास आधी तोंडाची चव गेली,
मग आरशात कुणाची तरी दाढी वाढत राहिली.
शर्टाचं एक बटण लावणं म्हणजे
भिजलेली गादी एकट्याने
चार मजले वर चढवणं.

पुण्याहून भाऊ म्हणाला, सकाळी जरा फिरून येत जा.
ऑफिसातल्या उपाध्ये मॅडमनी
अकरा शनिवार सांगितले.
मी हो म्हणालो.
हो म्हणायला एकच अक्षर लागतं.

तोडणकर शेजारी. महापालिकेत चावीवाले होते,
बत्तीस वर्षं रस्त्यातली झाकणं उघडून
पहाटे गल्ल्यांना पाणी सोडलं त्यांनी.
एकदा दार ढकलून आत आले,
पिंपात डोकावले. माझ्याकडे नाही, पिंपात.
"कोरडं आहे," म्हणाले.
मी म्हणालो, "हो."
इतक्या महिन्यांत
नेमका शब्द पहिल्यांदाच कुणीतरी उच्चारला होता.

दुसऱ्या पहाटे खिडकीच्या गजांतून
हिरवा पाइप आत आला.
मागून आवाज: "टोक पिंपात टाक रे,
मला तिकडून यायला जमत नाही. गुडघा."
गुडघा खोटा होता.
संध्याकाळी मैदानाला पाच फेऱ्या मारतात ते.

तर, उठलो का मी?
नाही. पाणी लादीवर पसरलं, चपला तरंगल्या.
त्यांनी नळ बंद केला. काही बोलले नाहीत.
पुढच्या दिवशी पुन्हा पाइप.
तिसऱ्या दिवशी उठलो,
चपला भिजू नयेत म्हणून.
याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं.

मग एका बुधवारी राजावाडी.
केसपेपर, रांग, बाकडं.
तोडणकर शब्दकोडं सोडवत होते, आतही घेऊन आले.
डॉक्टरीणबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या.
"मरून जावंसं वाटतं का?" त्यांनी विचारलं,
जसं विचारतात, भूक लागते का.
मी तोडणकरांकडे पाहिलं.
ते कोड्यातच बघत होते,
पण पेन थांबलं होतं.
"हो," मी म्हणालो.
तेच एक अक्षर.
या वेळी मात्र ते उचलताना घाम फुटला.
पेन बराच वेळ तसंच राहिलं.

येताना त्यांनी दोन ग्लास उसाचा रस घेतला,
बिनबर्फाचा.
गोड लागला असं म्हणणार नाही.
गार होता, एवढं कळलं.

गोळ्या सुरू होऊन महिना झाला तेव्हा विचारलं,
"किती दिवस लागतील हो?"
"मला नळाचं माहीत आहे फक्त," ते म्हणाले.
"चावी सोडली की आधी नुसती हवा येते.
मग गढूळ येतं. लोक तेव्हाच शिव्या घालतात.
पाणी वाटेत असतं."
आणि पाइपची गळती सुतळीने बांधत बसले.

आज चार सत्तेचाळीस झालेत.
मी अंथरुणातच आहे.
काल उठलो होतो, परवाही.
आज नाही जमत.
पाइप गजांतून आत आलाय,
टोक लादीवर, अजून कोरडं.
सोडलेलं नाही पाणी त्यांनी.
बाहेर कुणीतरी खोकतंय,
हळूच, उगाच,
आत कुणी आहे का ते बघायला.

मी आतून खोकतो.